जूनच्या व्हीएचएफ कॉन्टेस्टला रोव्हर म्हणून जायचंय, डोंगर कुठला निवडू?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. विचारणारे एडिसन, न्यू जर्सीला राहतात, वर्षभरापूर्वी हॅम (हौशी) रेडिओचं टेक्निशियन, म्हणजे सुरुवातीच्या पातळीचं लायसन्स काढलंय, आयकॉमचा आयसी-७१०० रेडिओ आहे, होंडा सीआर-व्ही आहे, आणि एआरआरएल या अमेरिकेतल्या हॅम संघटनेच्या जूनच्या व्हीएचएफ कॉन्टेस्टमध्ये (५० मेगाहर्ट्झ आणि वरच्या बँडवर जास्तीत जास्त स्टेशन्सशी बोलायची स्पर्धा) गाडी घेऊन रोव्हर, म्हणजे जागा बदलत फिरणारं स्टेशन, म्हणून उतरायचंय. त्यांनी विचारलंय की दोन-तीन तासांच्या अंतरात सगळ्यात उंच डोंगर कुठला, आणि तिथे किती एलिमेंटचा (दांड्यांचा) यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, न्यावा. कुणीतरी त्यांना सांगितलंय की हाय पॉइंटला, म्हणजे न्यू जर्सीतल्या सगळ्यात उंच डोंगरावर जा, मोठा मास्ट (अँटेनाचा खांब) लाव आणि बसून राहा.

लायसन्सचं आधी संपवतो. टेक्निशियनला ५० मेगाहर्ट्झच्या वरचं सगळं मोकळं आहे, त्यामुळे या कॉन्टेस्टसाठी जनरल, एक्स्ट्रा ही वरची लायसन्सं काही लागत नाहीत, निवांत राहा.

आता खरं सांगू का, तुमचा प्रश्न डोंगराचा नाहीये, मिनिटांचा आहे. मीही हे फुकट शिकलो नाही. पहिल्या वर्षी मी वीस फुटी मास्ट आणि नऊ एलिमेंटचा २ मीटरचा (१४४ मेगाहर्ट्झ बँडचा) यागी टपावर बांधून निघालो, एकदम ऐटीत, आणि प्रत्येक थांब्यावर तो उभा करायला चाळीस मिनिटं आणि उतरवून बांधायला वीस मिनिटं गेली, वर एका ठिकाणी दोरी गुंतली, एका ठिकाणी अँटेना फिरवणाऱ्या रोटेटरची वायर दारात चिरडली, आणि दोन दिवसांत जेमतेम चार ग्रिड (नकाशावरचे चौकोन, पुढे सांगतो) झाले, त्यातल्या शेवटच्या ग्रिडमधून सात क्यूएसओ, म्हणजे संपर्क. पुढच्या वर्षी मास्ट घरी ठेवला, रूफ रॅकवर लूप (कड्यासारख्या अँटेना) आणि छोटे यागी कायमचे बसवले, अँटेना आधीपेक्षा चक्क वाईट होती, आणि स्कोअर तिपटीच्या आसपास गेला. का, ते समजलं की बाकीचे निर्णय आपोआप होतात.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी, ग्रिड म्हणजे पृथ्वीच्या नकाशावर २ अंश रेखांश आणि १ अंश अक्षांशाचा चौकोन. आपल्याकडचं सांगायचं तर पुणे एमके६८ मध्ये, मुंबई एमके६९ मध्ये, आणि मधली १९ अंशाची रेषा पनवेलला जवळजवळ चिकटून जाते. पूर्वी आम्ही सिंहगडावर हँडहेल्ड घेऊन चढायचो तेव्हा ग्रिड-बिड कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तुमच्या न्यू जर्सीच्या अक्षांशावर हा चौकोन साधारण १७० बाय १११ किलोमीटर भरतो. घरी बसलेल्या स्टेशनला प्रत्येक बँडवर प्रत्येक नवा ग्रिड म्हणजे एक मल्टिप्लायर (एकूण पॉइंटांना मल्टिप्लायरच्या बेरजेने गुणतात), आणि तुम्ही रोव्हर असाल तर ग्रिड बदललात की त्याच माणसाशी त्याच बँडवर पुन्हा क्यूएसओ करता येतो, दोघांनाही पॉइंट मिळतात. म्हणजे लोकांच्या दृष्टीने तुम्ही प्रत्येक ग्रिडमध्ये एक नवं स्टेशन असता. एकाच डोंगरावर बसून राहिलात तर हाच फायदा सोडून दिलात, मग रोव्हर कशाला म्हणायचं.

हिशेब करून बघा. जूनच्या कॉन्टेस्टला ५० आणि १४४ मेगाहर्ट्झवर क्यूएसओचा १ पॉइंट, २२२ आणि ४३२ वर २, त्याच्या वर अजून जास्त. तुमच्या ७१०० वर ५०, १४४ आणि ४३२ असे तीन बँड, म्हणजे एक माणूस तिन्हीवर मिळाला तर ४ पॉइंट. समजा एका ग्रिडमधून असे २० जण मिळाले, ८० पॉइंट झाले, आणि असे सात ग्रिड केलेत तर ५६०. मल्टिप्लायर म्हणजे प्रत्येक बँडवर जितके वेगवेगळे ग्रिड तुमच्या लॉगमध्ये आले त्यांची बेरीज, समजा आठ-आठ धरले तर २४, अधिक तुम्ही स्वतः जिथून बोललात ते ७, एकूण ३१. गुणाकार १७,३६०. आता तोच माणूस हाय पॉइंटवर दोन दिवस बसला, त्याला २० च्या जागी ६० जण मिळाले आणि प्रत्येक बँडवर आठच्या जागी चौदा ग्रिड मिळाले असं अगदी सढळ हाताने धरू. २४० गुणिले ४३, १०,३२०. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, तुमचे वेगळे येतील, पण कल असाच राहतो.

आणि याच हिशेबात अजून एक गंमत लपलीय. त्या सात ग्रिडवाल्या गणितात फक्त २२२ हा चौथा बँड घाला. माणशी ४ च्या जागी ६ पॉइंट, एकूण ८४०, मल्टिप्लायर ३९, स्कोअर ३२,७६०. जवळजवळ दुप्पट, आणि गाडी एक मैलसुद्धा जास्त चालवली नाही. भारतातून आलेल्यांना हा सव्वा मीटरचा बँड माहीतच नसतो कारण तो अमेरिका खंडापुरताच आहे, आपल्याकडे आणि युरोपात हॅमना तो नाही, आणि ७१०० मध्येही तो नाही, ट्रान्सव्हर्टर, म्हणजे रेडिओला दुसऱ्या बँडवर नेणारा डबा, लावावा लागतो. अर्थात २२२ सगळ्यांकडे नसतो, त्यामुळे पूर्ण दुप्पट होणार नाही. पण तुमचा पट्टा त्या बाबतीत नशीबवान आहे, फिलाडेल्फियाचा माउंट एअरी व्हीएचएफ क्लब, ज्यांना सगळे पॅक रॅट्स म्हणतात, त्यांच्यामुळे तिकडे वरच्या बँडवर भरपूर लोक सापडतात. मास्टला घालणार होतात ते पैसे ट्रान्सव्हर्टरला घाला. या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी.

उंचीबद्दल. उंची हवीच, नाही असं नाही, पण ती वर्गमुळाने वाढते. रेडिओ क्षितिजाचं ढोबळ सूत्र म्हणजे मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले ४.१, उत्तर किलोमीटरमध्ये. १०० मीटरच्या टेकाडावरून ४१ किलोमीटर, ४०० मीटरवरून ८२. चौपट चढलात आणि मिळालं दुप्पट. हाय पॉइंट साधारण ५५० मीटर आहे, एफएन२१ मध्ये, जागा सुंदरच आहे, पण तिथून फिलाडेल्फिया दीडशे किलोमीटरच्या पलीकडे, स्टेट पार्क संध्याकाळी बंद होतं, आणि एडिसनहून जाऊन-येऊन तीन तास रस्त्यात. लोक जिथे दाट आहेत त्यांच्या टप्प्यातलं शंभर-दीडशे मीटरचं उघडं टेकाड मला जास्त आवडतं, विशेषतः ५० वॅटमध्ये. ७१०० चा आउटपुट २ मीटरवर ५० आणि ४३२ वर ३५ वॅट एवढाच आहे हे विसरू नका, ५० मेगाहर्ट्झवर तेवढे पूर्ण १०० मिळतात.

मार्ग मी असा सुचवेन. तुम्ही राहता तो एफएन२०. शनिवारी दुपारी २ वाजता कॉन्टेस्ट सुरू होते, रविवारी रात्री ११ ला संपते. पहिला तास-दीड तास ग्रीन ब्रूकच्या वॉशिंग्टन रॉकवर काढा, घराजवळ आहे, न्यूयॉर्कच्या दिशेने सगळं उघडं दिसतं, आणि काही विसरलं असेल तर घरी जाऊन आणता येतं. हे शेवटचं कारण मी थट्टेत लिहिलेलं नाही. मग वर बर्गन काउंटीत जा. ४१ अंश उत्तर आणि ७४ अंश पश्चिम या रेषा रिव्हर व्हेल आणि ओल्ड टॅपनच्या परिसरात, लेक टॅपन जलाशयाच्या आसपास एकमेकींना छेदतात, म्हणजे एफएन२०, २१, ३० आणि ३१ असे चार ग्रिड तिथे दहा-पंधरा मिनिटांच्या ड्राइव्हमध्ये. एफएन२० तुमचा आधीच झालेला, तिथून आधी मिळालेल्यांशी पुन्हा बोलून काही मिळत नाही, पण बाकीचे तीन नवे. जागा मात्र बशीसारखी आहे, पूर्वेला पॅलिसेड्सची कड आणि पश्चिमेला रामापोचे डोंगर, त्यामुळे तिथून अपेक्षा माफक ठेवा, आणि नेमक्या कोपऱ्याला चिकटून बसायची गरज नाही, एखाद-दोन मैल आत जाऊन जिथे रस्ता उंचावर जातो तिथे थांबा.

रविवारसाठी माझी लाडकी जागा सांगतो. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर काउंटीत रूट ३० वर गॅप नावाचं गाव आहे, ४० अंश उत्तर आणि ७६ अंश पश्चिमेचा छेद त्याच्या अगदी लगत पडतो. तिथे एफएन२०, एफएन१०, एफएम२९ आणि एफएम१९ एकत्र येतात, म्हणजे तुम्हाला अजून तीन नवे, एकूण सात. हा सगळा आमिशांचा, म्हणजे आधुनिक सोयी टाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाचा मुलुख. विजेचा ग्रिड न घेणाऱ्या लोकांच्या शेतांवर आमचे चार ग्रिड येऊन भेटतात याचं मला दर वर्षी हसू येतं. पण त्याचा फायदाही आहे, शेताच्या कडेला गाडी बंद करून रेडिओ लावला की एस-मीटरचा (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरचा) काटा जागचा हलत नाही, इतकी शांतता मला न्यू जर्सीत कुठेच मिळाली नाही. एकदा सकाळी सव्वासहाला मी एफएम१९ मध्ये गवताच्या कडेला थांबलो होतो, खाली दरीत धुकं पाटावर पाणी साचल्यासारखं सपाट पसरलेलं, आणि १४४.२०० वर एरवी कण्हत येणारी स्टेशन्स शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखी येत होती. मागून बग्गी आली, घोडा माझ्या रॅकवरच्या यागीकडे बघून बिचकला, हाकणाऱ्या आजोबांनी लगाम ओढून धरला, माझ्याकडे एकदा, अँटेनाकडे एकदा बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. तेव्हापासून मी बग्गी दिसली की अँटेना फिरवत नाही. धुक्याचं मात्र लक्षात ठेवा, सूर्योदयाच्या आसपास जमिनीलगत गार आणि वर उबदार हवा असली की व्हीएचएफ लांब जातं, त्यामुळे शनिवारी रात्रीच गॅपच्या जवळ मुक्काम करा आणि पहाटे उठा, रविवारी आठला एडिसनहून निघून दहाला पोचण्यात अर्थ नाही.

ग्रिड बदलताना एक नियम सांभाळा. रेषेवर उभं राहून एकदा हा ग्रिड आणि एकदा तो असं चालत नाही, दुसरा ग्रिड सांगायचा तर सगळं स्टेशन किमान १०० मीटर हलवावं लागतं. मी तर फोनवर सहा अक्षरी लोकेटर (ग्रिडचा बारीक पत्ता) दाखवणारं अ‍ॅप डॅशबोर्डवर लावून ठेवतो आणि रेषा ओलांडल्यावर अर्धा मैल तरी आत जातो, उगाच वाद नको. आणि कॉलसाईनच्या (स्टेशनच्या ओळखनावाच्या) मागे दर वेळी 'रोव्हर' म्हणायचं, मोर्स किंवा डिजिटलला '/आर'.

अँटेनाचं आता. एसएसबीवाले (लांब पल्ल्याला आवाजाने बोलणारे) सगळे आडव्या पोलरायझेशनवर असतात, म्हणजे त्यांच्या अँटेना आडव्या असतात, तुमचा नेहमीचा उभा व्हिप (काठीसारखी अँटेना) लावून गेलात तर वीस-एक डेसिबलचा फटका बसतो, म्हणजे ५० वॅटचा अर्धा वॅट झाला म्हणून समजा. त्यामुळे २ मीटर आणि ४३२ ला एकेक आडवा लूप, हा चालत्या गाडीतसुद्धा चालतो, कुठे वळवायची भानगड नाही. त्याच्या जोडीला रॅकवर तीन फुटी पाइपला २ मीटरचा तीन-चार एलिमेंटचा आणि ४३२ चा सहा-सात एलिमेंटचा छोटा यागी, जो थांबल्यावर खिडकीतून हात काढून फिरवता येतो. ६ मीटरला (५० मेगाहर्ट्झला) लूप किंवा मॉक्सन (छोटी आयताकृती अँटेना), जे रॅकवर मावेल ते. ६ मीटरबद्दल एक इशारा, जूनमध्ये स्पोरॅडिक-ई (वातावरणाच्या वरच्या थरावरून सिग्नल दूर परतण्याचा प्रकार) उघडलं की फ्लोरिडा-टेक्सास धडाधड यायला लागतात, सगळे तिकडे पळतात आणि तुम्ही ४३२ वर कितीही ओरडा, कुणी ऐकायला नसतं. तेव्हा चिडू नका, तुम्हीही ६ मीटरवर जा, आणि गाडी पुढच्या ग्रिडकडे हाकण्यासाठी तीच वेळ वापरा.

वायरिंगमध्ये मात्र जुगाड नको. १०० वॅटला रेडिओ वीस-बावीस अँपिअर ओढतो, सिगरेट लायटरचं सॉकेट त्यासाठी नाहीच, व्होल्टेज पडून आवाज फाटतो आणि वर फ्यूज जातो तो वेगळाच. बॅटरीपासून थेट जाड वायर, दोन्ही टोकांना नाही तरी बॅटरीपाशी फ्यूज हवाच. थांब्यावर इंजिन बंद ठेवायचं असेल तर वेगळी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी न्या, मी ५० अँपिअर-अवरची वापरतो. कोएक्सचे (अँटेना केबलचे) कनेक्टर टेप लावून बंद करा. एका वर्षी शनिवारच्या पावसात माझ्या ४३२ च्या कनेक्टरमध्ये पाणी शिरलं, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) चढला आणि रविवारभर तो बँडच गेला, दोन रुपयांच्या टेपसाठी.

बोलण्याची पद्धत हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि याबद्दल कुणी विचारत नाही. एखादा माणूस १४४ वर मिळाला की त्याला सोडायचं नाही, लगेच विचारायचं, ४३२ आहे का, २२२ आहे का, आणि तिथल्या तिथे फ्रिक्वेन्सी सांगून त्याला हाताला धरून नेल्यासारखं एकेका बँडवर न्यायचं. दोन मिनिटांत तीन-चार क्यूएसओ. सरावलेली स्टेशन्स तुम्ही विचारायच्या आतच 'गो टू फोर-थर्टी-टू' म्हणून निघून गेलेली असतात, तुम्ही मागे धावता. आणि जाण्याआधी आठवडाभर तुमचं वेळापत्रक जाहीर करा, कुठल्या वेळी कुठल्या ग्रिडमध्ये, आणि ते पाळा. लोक तुमच्यासाठी अँटेना वळवून थांबतात, त्यांना अर्धा तास वाट बघायला लावली तर पुढच्या ग्रिडला ते बघणार नाहीत. हॅमच्या ऑनलाइन चॅटवर 'पोचलो, १४४.२०५ वर आहे' असं टाकायला २०१५ पासून परवानगी आहे, जरूर टाका. मी प्रत्येक थांब्याला पन्नास मिनिटं देतो, पण दहा मिनिटं कुणी नवीन मिळालं नाही तर निघतो, आणि नवीन येत राहिले तर पुढच्या थांब्याला उशीर होईल असं चॅटवर सांगून बसतो.

एफटी८ (कॉम्प्युटरने चालणारा डिजिटल प्रकार) वापरू का, हे तुम्ही विचारलेलं नाही पण विचाराल. थोडं वापरा. ते काढणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर, १९९३ चं फिजिक्सचं नोबेल मिळालेले प्रिन्स्टनचे निवृत्त प्राध्यापक, आणि प्रिन्स्टन तुमच्याच एफएन२० मध्ये येतं, तेव्हा अभिमान बाळगा, पण रोव्हरला ते महाग पडतं. एसएसबीवर जवळचा क्यूएसओ पंधरा सेकंदांत होतो, एफटी८ ला सव्वा मिनिट सहज जातं, आणि माणूस हाताला धरून पुढच्या बँडवर नेता येत नाही. ज्यांचा आवाज मिळत नाही अशांसाठी ठेवा. लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर हवं, डोंगरात नेटवर्क नसतं, म्हणून यूएसबीचा जीपीएस न्या.

एकटे जाणार की कुणाला घेऊन, यावर बरंच ठरतं. रोव्हरमध्ये दोघांना परवानगी आहे. एकटे असाल तर चालत्या गाडीत लॉग लिहायचा नाही, कॉलसाईन मोठ्याने उच्चारायचं, फोनचा रेकॉर्डर चालू ठेवायचा आणि थांबल्यावर लॉगमध्ये भरायचं. जोडीदार असेल तर तोच चालवेल, तुम्ही बोला, सात ग्रिड आरामात होतात. एकट्याने पहिल्या वर्षी चार-पाच केलेत तरी उत्तम.

पोलीस येतात, हे गृहीत धरा. रात्री चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये टपावर चार अँटेना लावून अंधारात कुणीतरी आकडे बोलतंय, शेजाऱ्यांनी फोन केला तर त्यांची काय चूक. आतला दिवा लावायचा, हात स्टिअरिंगवर, लायसन्सची प्रिंट समोर, आणि सरळ सांगायचं की हॅम रेडिओची कॉन्टेस्ट आहे. मला आजवर तीनदा विचारलंय, एकाने तर माइक घेऊन ऐकून बघितलं. खाजगी जागा असेल तर आधी विचारून ठेवलेलं बरं. आणि न्यूयॉर्ककडच्या पार्कवेंवरचे पूल बुटके आहेत, अँटेनासकट गाडीची उंची टेपने मोजून आकडा स्टिअरिंगवर चिकटवा.

शेवटी एक काम या शनिवार-रविवारीच करा. घराच्या ड्राइव्हवेत गाडी आणा, इंजिन बंद करा, स्टॉपवॉच लावा, आणि पहिला सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) देईपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. पाच मिनिटांच्या वर गेलं तर जे उभं करायला वेळ लागला ते घरी ठेवा आणि परत मोजा. आकडा काय आला ते इथे टाका, मग मार्गाच्या वेळा मिळून ठरवू.